दुखून राह्यलं

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. रोहिणखेडातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत रुपाली जवरे उजव्या पायावर उभी आहे. डावा पाय हवेत. पायाखाली चार घड्या घातलेली गोधडी. गोधडी मऊ असल्यामुळे घोटा सारखा कलतो आणि त्याला सावरण्याचं काम गुडघ्याला करावं लागतं. डाव्या हातात कॅल्क्युलेटर, उजव्या हाताचं बोट त्याच्या बटणावर. बाजूला खुर्चीत तिची सासू पुष्पाबाई बसलेली. सुनेच्या ओढणीचं टोक तिनं मुठीत धरलेलं आहे.

"एक मोताळा दे," पुष्पाबाई म्हणते.

"फुल की हाफ?"

"हाफ काऊन? मी का शाळेत हाये?"

"बायांले हाफच हाये आता, आत्याबाई."

"मंग हाफ दे. अन् चिल्लर नाई माह्याजवळ." एवढं बोलून पुष्पाबाई ओढणीला हिसका देते. "घाट आला!"

रुपाली कंबरेतून वाकते, गुडघा किंचित दुमडते, पुन्हा सरळ होते. डावा पाय जमिनीला लागत नाही. खिडकीत स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून आवाज येतो, "काकू, जरा हळू."

"मॅडम, तुमी राजूर घाट पाह्यला नाई. गाडी याच्याहून जास्त हालते."

फोनमध्ये पूनम आहे. ती फिजिओथेरपिस्ट असून पुण्यात राहते. गेले सात महिने ती या खोलीत रोज सकाळी हजर असते, पण रोहिणखेड तिनं कधी पाहिलेलं नाही. खिडकीच्या चौकटीत जेवढं मावतं तेवढंच गाव तिच्या ओळखीचं: जुन्या मशिदीच्या भिंतीचा एक कोपरा, विजेचा खांब आणि खांबाला बांधलेली शेजाऱ्याची शेळी. फोन त्या खिडकीत ठेवतात, कारण घरात रेंज फक्त तिथेच येते.

आज व्यायाम लवकर उरकायचा आहे. अकरा वाजता बुलढाण्याला रुपालीची वैद्यकीय तपासणी आहे. ती एसटीत वाहक आहे, म्हणजे कंडक्टर. तपासणीत पास झाली तर ती पुन्हा गाडीवर जाईल. नाही झाली, तर तिला बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत बसवलं जाईल. रजा संपली आहे, त्यामुळे तिसरा मार्ग उरलेला नाही.

खिडकीतलं काम वाईट नाही. डोक्यावर पंखा असतो, बसायला खुर्ची असते. घरचे लोक तेच सांगत होते. रुपालीचं उत्तर ठरलेलं होतं: "खिडकीत बसलं की गाड्या दुसऱ्यांच्या जातात."

रुपाली पस्तीस वर्षांची आहे. अकरा वर्षांपासून ती बुलढाणा–मलकापूर गाडीवर असते. गाडी राजूर घाट उतरून मोताळ्यावरून जाते. कंडक्टरच्या कामाची एक गोष्ट प्रवाशांच्या सहसा लक्षात येत नाही. तिकीट देताना त्याचे दोन्ही हात कामात असतात. एका हातात मशीन, दुसऱ्यात पैसे. प्रवासी दांडीला धरतो; कंडक्टर कशालाच धरत नाही. हलत्या गाडीत, वळणावर, ब्रेक लागला तरी, तो फक्त पायांवर उभा असतो. रुपालीला हे काम आवडतं आणि ते तिला जमतं. कोणती म्हातारी कुठल्या फाट्यावर उतरते आणि कोणाला उतरायच्या आधी दोनदा हाक मारावी लागते, हे तिला पाठ आहे.

मागच्या मे महिन्यात, लग्नसराईत, गाडी घाट उतरत होती. मधल्या वाटेत पिशव्या, एक ट्रंक आणि कुणाचं तरी मिरच्यांचं पोतं. वळणावर समोर बैल आला. चालक भागवत यांनी ब्रेक दाबला. रुपालीचा उजवा पाय पोतं आणि सीटचा पाया यांच्यामध्ये अडकलेला होता. पाय जागीच राहिला, अंग वळलं. गुडघ्यात 'टक्' असा आवाज झाला. मागच्या सीटवरच्या बाईलाही तो ऐकू आला. बैलाला काही झालं नाही. उरलेली तिकिटं रुपालीनं सीटवर बसून दिली आणि मोताळ्याला भागवत यांनी तिला धरून खाली उतरवलं.

गुडघ्याच्या आतला लिगामेंट, म्हणजे मांडीचं हाड आणि नळीचं हाड जागेवर धरून ठेवणारा बंध, पूर्ण तुटला होता. जूनच्या शेवटी संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागच्या बाजूचा एक बंध काढून तुटलेल्याच्या जागी बसवला. ते काम डॉक्टरांचं होतं आणि ते एका दुपारी झालं. पुढचं काम रुपालीचं होतं आणि त्याला महिने लागणार होते. पाय पुन्हा सरळ करायचा, मग वाकवायचा, मग त्यावर उभं राहायचं, आणि हे सगळं नव्या बंधाला न दुखावता.

त्यासाठी बुलढाण्याला आठवड्यातून तीनदा जावं लागलं असतं आणि ते बसनंच. पण बसची पहिली पायरी जमिनीपासून जेवढी उंच असते, तेवढा पाय तिला तेव्हा उचलता येत नव्हता. म्हणून रुग्णालयानं पूनमशी गाठ घालून दिली. सकाळी व्हिडिओ कॉल, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप. पुण्याच्या यादीत जे सामान होतं, त्याला घरातला पर्याय निघाला. रबरी पट्ट्याऐवजी सायकलची जुनी ट्यूब आली, वजनाऐवजी मिठाची पिशवी. रुपालीचा नवरा गोपाल वांगी आणि मेथी पिकवतो. त्यानं शेतातून विटा आणून पायरी रचून दिली आणि ती हलत नाही ना, हे आधी स्वतः उभं राहून पाहिलं.

पूनमचा नियम साधा होता. संध्याकाळी पाय दुखला तर व्यायाम तेवढाच ठेवायचा. दुखला नाही तर दुसऱ्या दिवशी वाढवायचा.

इथे रुपालीनं खोटं बोलायला सुरुवात केली.

पाय दुखत होता. विटांच्या पायरीवरून उतरताना तर चांगलाच. पण दुखतो म्हटलं की व्यायाम तिथेच अडणार आणि रजा पुढे सरकत राहणार, हा हिशेब तिनं मनाशी केला होता. पूनमशी ती पुस्तकातली मराठी बोलते. गाडीत साहेब चढले की बोलते तीच. "नाही मॅडम, अजिबात दुखत नाही," ती रोज सांगायची. मॅडम व्यायाम वाढवायच्या.

पुष्पाबाईला एकच मराठी येते. वय त्रेसष्ट. सून कामावर गेली की घर आणि गोपालचं भाजीचं निवडणं-बांधणं तिच्याकडे. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. स्वयंपाकघराचा उंबरठा उतरताना रुपाली ओट्याला धरते, हे तिनं पाहिलं. बसताना ओठ चावते, हेही पाहिलं. सुनेला विचारलं तर "काई नाई" एवढंच मिळालं. मग एके दिवशी तिनं गोपालला गोठ्यात गाठलं.

"ते पुण्याच्या मॅडमले मले बोलता येईन का, फोनवर?"

"तुले कायले?"

"तुले काय करायचं? येते का नाई ते सांग."

गोपालनं आईला स्वतःच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबून बोलायला शिकवलं. बोट उचललं की निरोप जातो, हे तिला दोनदा समजावून सांगितलं. त्या दिवसापासून पुष्पाबाई संध्याकाळी म्हशीचं दूध काढून झालं की गोठ्यातूनच पूनमला निरोप पाठवू लागली. सुनेला कळू न देता. निरोप साधारण असा असे: "मॅडम, मी पुष्पाबाई. रुपालीचा पाय दुखून राह्यला. खाली उतरतानी तं लयच दुखून राह्यला. तिले सांगू नोका मी सांगतलं म्हून."

पूनमचं उत्तर यायचं: "अरे वा, छान! थँक यू काकू." सोबत अंगठा.

पुष्पाबाईला पहिल्यांदा हे विचित्र वाटलं. पोरीचा पाय दुखतो आणि ही छान म्हणते. पण दुसऱ्या दिवशीही छान, तिसऱ्या दिवशीही छान, आणि एकदा तर टाळ्या वाजवणारे हात. मग तिनं त्यातून तिच्या परीनं अर्थ काढला. शिकलेली बाई आहे, तिला कळत असणार. दुखणं हीच बरं होण्याची खूण असेल. ती निर्धास्त झाली आणि सुनेच्या मागे लागली.

"कर, कर. थांबू नको. दुखू दे."

कालपर्यंत आराम कर म्हणून ओरडणारी सासू आज दुखू दे म्हणते, याचं रुपालीला नवल वाटलं. पण तिला हवं तेच होतं. तिनं विचारलं नाही.

दोन्हीकडून एकच बातमी येत होती, अशी पूनमची समजूत होती. पेशंट म्हणते दुखत नाही, सासू म्हणते दुखायचं राहिलं. तिच्या दृष्टीनं याहून चांगला पुरावा नव्हता. भिंतीला पाठ टेकवून खाली सरकण्याचा व्यायाम तिनं आणखी खाली नेला. पायरी आणखी एका विटेनं उंच केली.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी रुपाली पायघोळ गाऊन घालून कॉलला बसली. पूनम म्हणाली, "गाऊन थोडा वर घ्या ना, गुडघा दिसत नाहीये."

"घरात मंडळी आहेत, मॅडम."

घरात पुष्पाबाईशिवाय कुणी नव्हतं. ती घटाला पाणी घालत होती. तिनं तांब्या खाली ठेवला, डब्याला टेकवलेला फोन उचलला आणि दुसऱ्या हातानं सुनेच्या गाऊनची कड गुडघ्याच्या वर नेली.

"पाह्य मॅडम. भोपयावानी झाला."

गुडघ्याची वाटी दिसत नव्हती. सगळा गुडघा एकसारखा गोल आणि तुकतुकीत.

पूनम स्क्रीनच्या जवळ आली. मग म्हणाली, "हे कधीपासून?"

"आठ-पंधरा दिवस तं झाले."

"पण काकू, तुम्हीच तर रोज सांगत होता ना, दुखायचं राहिलं म्हणून?"

"राह्यलंच ना! दुखूनच राह्यलं. आत्ताबी दुखून राह्यलं."

"म्हणजे थांबलं ना?"

"थांबते कायले? दुखून राह्यलं म्हन्ते मी!"

"अहो, राहिलं म्हणजे..."

रुपालीला दोन्ही मराठी येतात. गोंधळ कुठे झाला हे तिला सगळ्यात आधी कळलं. "मॅडम," ती म्हणाली, "आमच्याकडे दुखून राह्यलं म्हणजे दुखतंय."

पुण्यात पाऊस राहिला की छत्री मिटतात. दुखायचं राहिलं की गोळी बंद करतात. त्या कानाला 'दुखून राह्यला' म्हणजे पाय दुखून दुखून अखेर थांबला. वऱ्हाडात तसं नाही. रोहिणखेडात जेवून राह्यला माणूस जेवत असतो, आणि येऊन राह्यलेली गाडी अजून रस्त्यावर असते. त्यात फोनचा आवाज तुटक आणि मागे म्हशीचं हंबरणं. पूनमला जे ऐकायचं होतं तेच तिला ऐकू आलं.

त्यानंतर रुपालीला दुसरी गोष्ट कळली. ती सासूकडे वळली.

"म्हंजे तुमी रोज इकडून माही चुगली करून राह्यल्या होत्या?"

"चुगली नाई. रिपोट देत होती," पुष्पाबाई म्हणाली आणि घटाकडे परत गेली.

दुपारी गोपाल भाजी विकून आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "एक डाक्टर पुण्यात, एक डाक्टर गोठ्यात," तो म्हणाला, "पेशंट मधात फुगून राह्यला." कुणी हसलं नाही, तेव्हा तो गाडी सांगायला गेला.

त्याच संध्याकाळी ते संभाजीनगरला पोचले. शल्यचिकित्सकांनी गुडघा पुढेमागे ओढून पाहिला. नवा बंध शाबूत होता. गुडघ्यावर ताकदीबाहेर काम पडलं होतं, म्हणून आत पाणी झालं होतं. आणखी पंधरा दिवस असंच चाललं असतं तर बंध सैल झाला असता, असं ते म्हणाले. तूर्त बर्फ, आराम आणि मग व्यायाम पुन्हा खालच्या पायरीपासून. दीड महिना वाया गेला होता. घाईनं जेवढा वेळ वाचवायचा होता, त्याहून जास्त.

पूनमनं पुष्पाबाईचे सगळे जुने निरोप पुन्हा ऐकले. दुसऱ्या दिवशी कॉलवर तिनं सांगितलं, "काकू, ऐकण्यात माझी चूक झाली. मी एकदा तरी उलट विचारायला हवं होतं." मग तिला आठवलं की अकोल्याचे एक गृहस्थ तिच्या यादीत आहेत आणि तेही रोज सांगतात, खांदा दुखून राह्यला. त्यांना तिनं त्याच सकाळी फोन केला.

घरात दोन दिवस सासूसुनेचं बोलणं कामापुरतं चाललं. मीठ दे, दार लाव. तिसऱ्या दिवशी पुष्पाबाई सुनेच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. रुपाली म्हणाली, "मले इचारलं असतं तं मी सांगतलं असतं."

"इचारलं. तू काई नाई म्हने."

"मंग मॅडमले कायले सांगतलं?"

"तुवं लपवलं. म्या सांगतलं. अन् तिनं उलटं ऐकलं." पुष्पाबाईनं पिशवी दुसऱ्या बाजूला सरकवली. "तिघीत शहानी कोन, तूच सांग."

रुपालीला हसू आलं. बर्फ मांडीवर सांडला. अबोला तिथे संपला.

पूनमनं नवा नियम केला. 'राहिलं' हा शब्द कॉलवर कुणी वापरायचा नाही. दुखतंय किंवा थांबलंय, एवढंच. नियम अर्धा दिवस टिकला. पुष्पाबाईनं सांगितलं, "मॅडम, मले हे जमत नाई. राह्यलं सोडलं तं मी बोलू कशी?" मग पूनमनं प्रश्नच बदलला. उतरताना तोंड वाकडं होतं का? ओट्याला धरते का? याची उत्तरं हो किंवा नाही अशी येत होती आणि ती देण्यात पुष्पाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. रुपालीनंही पुस्तकातली मराठी सोडली. दुखत असलं की ती "दुखते, मॅडम" म्हणू लागली. कधी कधी सासूच्या आधी.

दिवाळीनंतर सूज पूर्ण उतरली. एके सकाळी पूनमनं विचारलं, "तुम्ही कामावर नक्की काय करता, ते मला करून दाखवा." रुपालीनं खोलीच्या मधोमध उभं राहून दाखवलं. हात मोकळे नाहीत, नजर मशीनवर, गाडी कधी कुठे वळेल सांगता येत नाही. पूनमनं गोधडीची घडी घालायला सांगितली. तिकिटाच्या मशीनऐवजी गोपालचा हिशेबाचा कॅल्क्युलेटर, हे रुपालीच्या डोक्यातून निघालं. ओढणी ओढायची कल्पना मात्र पुष्पाबाईची.

साप्ताहिक सुटीला भागवत कधी कधी घरी यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा बराच वेळ दारातच उभे राहिले होते. ब्रेक आपण दाबला, हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. गोधडीचा खेळ पाहिल्यावर त्यांच्यातला चालक जागा झाला.

"मावशी, असं नाई. गाडी डाव्या अंगाले वळली की मानूस उजव्या अंगाले जाते. तुमी उलटं वढून राह्यल्या."

"तुह्याच ब्रेकनं पाय गेला तिचा," पुष्पाबाई म्हणाली, "अन् तूच मले शिकवून राह्यला. ये, धर ओढनी."

भागवत यांनी ओढणी धरली आणि राजूर घाटातली वळणं क्रमानं घेतली. रुपाली चौथ्या वळणावर पडली. पुढच्या महिन्यात ती पडली नाही.

तर आज तपासणी. व्यायाम संपवून, चहा घेऊन सासूसून बसनं बुलढाण्याला निघाल्या. रुपाली पायरी स्वतः चढली. तिच्या मागून चढताना पुष्पाबाईचे डोळे सुनेच्या तोंडाकडे लावलेले, वाकडं होतं का पाहायला.

वैद्यकीय अधिकारी साताऱ्याकडचे. बदली होऊन आल्याला दोन महिने झालेले. पुष्पाबाई बाहेर बाकावर बसली. दार अर्धवट उघडं होतं. आत डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, एका पायावर उभं केलं, लाकडी स्टुलावर चढायला-उतरायला लावलं. सगळं नीट झालं. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहिता लिहिता विचारलं, "उतरताना दुखतं?"

रुपाली घाबरलेली होती. पुस्तकातली मराठी तोंडात आली नाही.

"जरासं दुखून राह्यलं, सर."

"राहिलं ना? छान," डॉक्टर म्हणाले आणि लिहीत राहिले.

टेबलाच्या या बाजूनं तिला उलटी अक्षरं दिसत होती. 'वाहक पदासाठी पूर्णतः स'पर्यंत लिहून झालं होतं. ती खोटं बोललेली नव्हती. विचारलं तेच तिनं खरं सांगितलं होतं, आणि गेले आठ महिने तिला जो कागद हवा होता तो आपोआप तयार होत होता. तिनं फक्त गप्प राहायचं होतं.

"सर," रुपाली म्हणाली, "राहिलं नाही. दुखतंय. आमच्याकडे दुखून राह्यलं म्हणजे दुखतंय."

पेन थांबलं. डॉक्टरांनी तिला पुन्हा स्टुलावर चढवलं, पुन्हा उतरवलं, आणि तसंच आणखी कितीतरी वेळा. नक्की कुठे दुखतं, हे बोट ठेवून दाखवायला सांगितलं. तिनं वाटीच्या खाली बोट ठेवलं. त्यांनी आतला बंध परत ओढून पाहिला. तो घट्ट होता. दुखणं बंधाचं नव्हतं, गुडघ्याच्या पुढच्या बाजूचं होतं, अशा शस्त्रक्रियेनंतर बरेच महिने राहणारं. त्यांनी आधीचा कागद फाडला आणि दुसरा लिहिला: वाहक म्हणून काम करण्यास सक्षम, तीन महिने फक्त कमी अंतराच्या फेऱ्या, मुक्कामाची ड्युटी नाही, त्यानंतर फेरतपासणी.

बाहेर पुष्पाबाई उठून उभी होती.

"काय म्हने?"

"गाडी भेटली. लहान रूट. तीन महिने."

"म्या ऐकलं."

"काय ऐकलं?"

"तू सायबाले मराठी शिकवून राह्यली होती ते."

संध्याकाळी गोपालनं मेथीच्या जुड्या बांधता बांधता विचारलं, "लिहू द्याचं होतं वं त्याले. कोनाले समजलं असतं?"

"घाटाले," रुपाली म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पाय सुटला तं मी कोनाच्या अंगावर पडीन? सायबाच्या तं नाई. पोरं कडेवर घेऊन बाया बसतात तिथं."

गोपालनं जुडी बांधली आणि पुढची घेतली. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

कागद डेपोत जाऊन आदेश निघायला आठ दिवस लागले. मलकापूरची फेरी कमी अंतरात बसते, असं डेपोत ठरलं. आता सोमवारची संध्याकाळ. खाकी शर्टला इस्त्री करून तो खुंटीला टांगला आहे. कॅल्क्युलेटर गोपालकडे परत गेला. गोधडी मात्र अजून घडी घातलेलीच आहे, कारण व्यायाम अजून तीन महिने चालायचा आहे.

पुष्पाबाईनं दूध काढून झाल्यावर पूनमला निरोप पाठवला. यावेळी तिनं सुनेला समोर बसवलं होतं. "मॅडम, रुपाली उद्या गाडीवर जाते. सकाळी तुमी फोन करू नोका. उतरतानी तोंड वाकडं होते, पन थोडंसंच. पह्यलेपेक्षा कमी."

उत्तर लगेच आलं. पूनमनं ते लिहून नाही, बोलून पाठवलं होतं. "बरं काकू. मी ऐकून राह्यले."

पुष्पाबाईनं ते दोनदा ऐकलं. "राह्यले नाई, राह्यली," ती म्हणाली. "पन समजून राह्यलं तिले आता."

उद्या मंगळवार. पूनमचा कॉल सकाळऐवजी संध्याकाळी साडेसातला आहे. बुलढाणा–मलकापूर गाडी सकाळी आठ दहाला सुटेल. चालक भागवत, वाहक रुपाली जवरे.